वल्हांडणाचे गोडधोड : खजूर, नारळ आणि मात्झा

वल्हांडणाचा, म्हणजे पेसाहचा, ज्यू लोकांचा सण इस्राएलमध्ये सात दिवस आणि इतरत्र बहुधा आठ दिवस चालतो. या काळात गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचा आंबलेला कोणताही पदार्थ खाणे तर सोडाच, घरात ठेवणेही वर्ज्य असते. ही धान्ये चालतात ती मात्झाच्या रूपात, म्हणजे पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून काढलेल्या बेखमीर भाकरीच्या रूपात. त्यामुळे गोडाचा विषय निघाला की बहुतेक जण बिनमैद्याच्या केकच्या मागे लागतात. माझ्या मते खरी अडचण मैद्याची नाहीच. सेदरच्या रात्री, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या विधिवत भोजनाच्या रात्री, जेवणात मांस असेल, तर ज्यू आहारनियमांप्रमाणे त्यानंतरच्या गोडात दूध, लोणी, तूप यांपैकी काहीही चालत नाही, आणि हा पेच अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू, घरांनी नारळाच्या दुधाने केव्हाच सोडवलेला आहे.

पहिला मान खजुराच्या शिऱ्याचा. शिरा म्हटले की रवा डोळ्यांपुढे येतो, पण या शिऱ्याचा रव्याशी काही संबंध नाही. हा खजुराचा दाट, काळसर पाक असतो. सेदरच्या ताटातल्या हारोसेतच्या जागी तो ठेवतात. हारोसेत म्हणजे मिसर देशात (इजिप्तमध्ये) ज्यूंच्या पूर्वजांनी गुलामगिरीत विटा रचताना वापरलेल्या चिखलाची आठवण. अर्धा किलो मऊ, बिनबियांचा खजूर रात्रभर चार कप पाण्यात भिजवावा आणि सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवावा. थोडा निवल्यावर हाताने कुस्करून मलमलच्या दुहेरी कापडातून घट्ट पिळून घ्यावा. घाईत मिक्सरमधून फिरवल्यास साले बारीक होऊन पाकात उतरतात आणि मग तो खसखशीत लागतो. गाळलेला रस जाड बुडाच्या पातेल्यात आटवावा. साखर मुळीच घालू नये. बशीवर टाकलेला थेंब ओघळला नाही की गॅस बंद करावा, कारण गार झाल्यावर पाक आणखी घट्ट होतो. वाढताना वरून भरडलेले अक्रोड किंवा बदाम पेरावेत.

मुलांची खरी गंमत इथेच सुरू होते. शिरा चिखलासारखा वापरून मात्झाच्या तुकड्यांच्या भिंती आणि पिरॅमिड रचू द्यावेत. मात्झा छिद्रांच्या ओळीने एका दिशेला सरळ मोडतो, पण आडवा मोडायला गेल्यास वेडावाकडा तुटतो. आडवे कापायला पावाची दातेरी सुरी हलक्या हाताने चालवावी. या बांधकामासाठी शिरा नेहमीपेक्षा जरा जास्त आटवून घ्यावा, नाहीतर वरचा मजला घसरतो.

चायनाग्रासची वडी त्याहून सोपी. १० ग्रॅम चायनाग्रास (समुद्री शेवाळाचे, पदार्थ थिजवणारे अगर-अगर) अर्धा तास भिजवून दीड कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. तीन कप नारळाचे दूध आणि पाऊण कप साखर वेगळ्या भांड्यात फक्त गरम करावी, उकळू देऊ नये, कारण उकळल्यास दूध फुटते. दोन्ही एकत्र गाळून, वेलदोडा घालून ताटात ओतावे आणि थिजल्यावर साच्यांनी चांदण्या, मासे कापावेत.

खोबऱ्याच्या मॅकरूनसाठी चार अंड्यांचा पांढरा बलक, पाऊण कप साखर, चिमूटभर मीठ आणि २५० ग्रॅम सुके किसलेले खोबरे उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात कोमट होईपर्यंत ढवळावे. या ऊबेने मिश्रण धरून राहते. छोटे ढीग करून १६० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत, साधारण २० ते २५ मिनिटे, भाजावेत.

पाहुणे अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेतले असतील, तर मका आणि तांदूळही टाळावा लागतो. बेने इस्राएल घरांत मात्र या सणाला तांदूळ चालतो. बाजारच्या पिठीसाखरेत आणि बेकिंग पावडरमध्ये बऱ्याचदा मक्याचे पीठ असते, म्हणून साखर घरीच दळावी आणि बाकीच्या डब्यांवरील मजकूर नीट वाचावा.

शेवटी चॉकलेटचा मात्झा. ट्रेमध्ये कागद घालून चार मात्झा पसरावेत. एक कप ब्राऊन शुगर आणि एक कप मार्गारीन (जेवण बिनमांसाचे असल्यास लोणी) उकळी आल्यापासून तीन मिनिटे ढवळत शिजवून त्यांवर ओतावे आणि १७५ अंशांवर दहा मिनिटे भाजावे. बाहेर काढताच दीड कप काळ्या चॉकलेटचे तुकडे टाकावेत, पाच मिनिटांनी ते चमच्याच्या पाठीने पसरावेत आणि वर पिस्ते व मिठाचे चार कण भुरभुरावेत. चॉकलेट पूर्ण थिजल्यावर तुकडे करून हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवावेत. मुंबईच्या एप्रिलमधल्या दमट हवेत उघडा राहिलेला मात्झा तासाभरात सादळतो.