बाळ मान कुठे वळवतं? डाव्या-उजव्याची घरच्या घरी नोंद

मेंदूचे दोन भाग जन्मापासूनच सारखे नसतात. भाषेशी जोडलेला मेंदूचा एक पट्टा बहुतेकांत गर्भातच डावीकडे उजवीपेक्षा मोठा दिसतो, तर उजव्या अर्ध्याच्या काही घड्या आठवडा-दोन आठवडे आधी पडतात. हे घरी मोजता येत नाही. दिसते ती मानेची सवय: बहुतेक नवजात बाळं उजवीकडे जास्त वळतात. त्यावरून बाळ डावखुरं होणार की कसं, हे मात्र ठरवू नका. तान्ह्यांच्या मेंदूचा उजवा भाग तल्लख करू म्हणत ‘राइट ब्रेन’ वर्ग घेणाऱ्यांकडे तर फिरकूही नका.

दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाला असावा, बाळ जागं आणि शांत असावं. त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. खिडकी किंवा दिवा एका बाजूला नको, तुम्हीही पायांकडे बसा. दोन्ही तळव्यांनी डोकं कानांच्या वर धरून मिनिटभर मधोमध ठेवा, मग सोडा आणि पुढचं मिनिट पाहा. गालाला बोट लागलं तर बाळ स्तन शोधत तिकडेच वळतं आणि नोंद फुकट जाते. रोज पाच वेळा, तीन दिवस: पंधरा नोंदी पुरेत. रडू लागलं की थांबा.

पंधरापैकी दहा-बारा वेळा एकच बाजू आली तरी काळजी नको. पण सतत त्याच बाजूला मान वळवून झोपल्याने डोकं मागून चपटं होऊ शकतं. म्हणून पाळण्याच्या कोणत्या टोकाला डोकं ठेवता, ते रोज बदला. बाळ उजेडाकडे आणि माणसांकडे पाहतं, त्यामुळे मान आपोआप फिरते. बाटलीने पाजत असाल तर हातही बदला. जागेपणी, नजरेसमोर, दिवसातून दोन-तीनदा 3 ते 5 मिनिटं पालथं ठेवा. झोपवायचं मात्र उताणंच. मोहरीची उशी आजीला कितीही प्रिय असली तरी झोपेत नको: नाक-तोंड झाकलं जाण्याचा धोका असतो.

मान एका बाजूला वळतच नसेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर स्नायू आखडलेला असू शकतो. बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, व्यायाम जितका लवकर सुरू तितका बरा. दचकल्यावर एकच हात उघडत असेल तर प्रसूतीत खांद्याच्या नसेला ताण बसलेला किंवा हासळी मोडलेली असू शकते. आणि वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, दुसऱ्याची मूठ आवळलेलीच असेल, तर ‘डावखुरं आहे’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.