अभिप्रायासाठी डिजिटल सर्वेक्षणाचे साधन निवडताना या चुका टाळा

खानदेशातील अनेक संग्रहालयांत आणि स्मारकांत बाहेर पडण्याच्या दारापाशी अभिप्राय वही ठेवलेली असते. तिच्यात ‘फार छान, धन्यवाद’ यापलीकडे फारसे काही सापडत नाही, त्यामुळे वहीच्या जागी मोबाइलवरचे किंवा टॅबवरचे सर्वेक्षण आणण्याचा विचार योग्यच आहे. मात्र साधन ठरवताना बहुधा त्याची किंमत आणि देखणेपणा आधी पाहिला जातो. ते कोणाच्या हातात असेल, कोणत्या भाषेत वाचले जाईल आणि तेथे नेटवर्क मिळेल का, हे प्रश्न पैसे भरून झाल्यावर निघतात. पुढील बहुतेक चुका याच उलट्या क्रमातून होतात.

सर्व ठिकाणी एकच क्यूआर कोड

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे कलादालन पाहायला येणारा माणूस मुद्दाम वाट वाकडी करून आलेला असतो. त्याच्यापुढे कोड ठेवला तर तो दोन मिनिटे थांबून उत्तरे देईल. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाकडून ती अपेक्षा करता येत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मूल आणि गर्दीमुळे नेटवर्क क्षीण, अशा स्थितीत कोड स्कॅन करतील ते प्रामुख्याने तरुण, आणि अहवालात मात्र ‘यात्रेकरूंचे मत’ म्हणून त्यांचेच मत छापले जाईल. अशा ठिकाणी स्वयंसेवकाने प्रश्न वाचून दाखवावेत आणि उत्तरे स्वतः नोंदवावीत. समोरच्याला अहिराणी किंवा भिली सोयीची असेल, तर तोंडी विचारण्याचा फायदा आणखी मोठा आहे.

यासाठी गूगल फॉर्म्स उपयोगाचे नाही, कारण ते इंटरनेटवाचून चालत नाही. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके या सर्वेक्षणाच्या साधनांच्या अँड्रॉइड ॲपमध्ये कोरा फॉर्म आधी उतरवून घेता येतो, उत्तरे फोनमध्येच साठतात आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवता येतात. एक काळजी घ्यावी: उत्तरे पाठवली गेल्याची खात्री होईपर्यंत स्वयंसेवकाने फोनमधून ते ॲप काढून टाकू नये.

‘फॉर्म उघडतच नाही’

गूगल फॉर्म्सविषयी येणाऱ्या या तक्रारीमागे नेटवर्कपेक्षा अनेकदा एखादी सेटिंग असते. ‘एका व्यक्तीस एकच उत्तर’ हा पर्याय चालू असेल किंवा फोटो जोडण्याचा प्रश्न ठेवला असेल, तर फॉर्म गूगल खात्यात प्रवेश करायला सांगतो आणि अनोळखी पाहुणा तेथूनच परत फिरतो. दारापाशी ठेवलेल्या सामाईक टॅबवर तर पहिल्या माणसाने उत्तर दिले की दुसऱ्याला ‘आपण आधीच उत्तर दिले आहे’ असा संदेश दिसतो. संस्थेच्या खात्यातून तयार केलेला फॉर्म कधी कधी केवळ संस्थेतील लोकांपुरता मर्यादित राहतो. तपासणी कार्यालयाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीच्या फोनवर, संस्थेचे वाय-फाय बंद ठेवून करावी. स्वतःच्या संगणकावर तो फॉर्म नेहमीच उघडतो.

कोडही तपासून घ्यावा. फुकट मिळणारे काही ‘डायनॅमिक’ कोड मधल्या एका संकेतस्थळामार्गे फॉर्मकडे नेतात आणि चाचणीची मुदत संपताच बंद पडतात. फ्लेक्स छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा थेट फॉर्मच्या लिंकचा साधा कोड बरा.

भाषा आणि मोजपट्टी

गूगल फॉर्म्समध्ये मराठी व इंग्रजीसाठी एकाच फॉर्मचे वेगवेगळे विभाग केले, तर तोच प्रश्न तक्त्यात दोन रकान्यांत विभागला जातो आणि बेरीज हाताने जुळवावी लागते. कोबोमध्ये एकाच प्रश्नाची अनेक भाषांतील शब्दरचना देता येते व उत्तर एकाच रकान्यात पडते. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधील प्रश्न चिकटवल्यास पाहुण्याच्या फोनवर निरर्थक अक्षरे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा.

एक ते पाचची मोजपट्टी नुसत्या आकड्यांनी देऊ नये. पहिला नंबर म्हणजे सर्वांत चांगला, ही सवय आपल्याकडे इतकी पक्की आहे की खूश झालेला माणूसही ‘एक’वर खूण करून जातो. ‘असमाधानकारक’पासून ‘उत्कृष्ट’पर्यंत शब्दच लिहावेत. ‘स्वच्छता आणि पार्किंग कसे वाटले?’ असा जोडप्रश्नही निरुपयोगी, कारण त्याचे उत्तर कशाला लागू करायचे हे कळत नाही.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी कागदपत्रांसाठी येणारा अभ्यासक आणि वस्तुसंग्रह पाहायला येणारे कुटुंब यांना एकच प्रश्नावली देणेही चुकीचे आहे. ‘आपण कशासाठी आलात?’ हा पहिला प्रश्न ठेवून पुढील प्रश्न त्यानुसार बदलणारे साधनच घ्यावे.

टॅब, बटणे आणि शाळेच्या सहली

हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणे आकर्षक असतात, पण ती दाबण्यांची संख्या मोजतात, माणसांची नव्हे. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थासारख्या स्थळी सहलीची बस उतरली की एकाच मुलाने किती वेळा बटण दाबले, हे यंत्राला समजत नाही. टॅब उघड्यावर ठेवणे तर खानदेशात टाळलेच पाहिजे: ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानते आणि मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो.

सहलीतील मुलांकडून नाव आणि मोबाइल क्रमांक मुळीच घेऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे. इयत्ता आणि आवडलेले दालन एवढे विचारले तरी काम भागते.

साधनाची वर्गणी भरण्यापूर्वी दहा-बारा खोटी उत्तरे भरून ती सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याच्या साध्या मजकूर-रूपात) उतरवून पाहावीत. एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठी अक्षरांची मोडतोड झाली, तर फाइल ‘डेटा’ विभागातून आयात करून यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडावा. वर्गणी थांबवल्यावर जुनी उत्तरे बाहेर काढता येतात की नाही, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.