हेगला जायचंय? मग आधी या चुका टाळा

महिन्यातून चार-पाच तरी मेसेज येतात, "मॅडम इंटरनॅशनल क्रिमिनल लॉमध्ये करिअर करायचंय, प्लीज गाइड करा", आणि प्रोफाइल फोटो असतो नेदरलँड्समधल्या हेगच्या पीस पॅलेसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या इमारतीच्या, गेटसमोर उभं राहून काढलेला. मी एकच विचारते, सेशन्स कोर्टात उलटतपासण्या किती घेतल्यास? त्यावर एकतर शांतता, नाहीतर "मला लिटिगेशनमध्ये इंटरेस्ट नाहीये मॅडम, ह्युमन राइट्समध्ये आहे". अरे बाबा, हे म्हणजे मला पोहायचंय पण पाण्यात उतरायचं नाहीये. मी स्वतः पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात सात वर्षं काढली, मग लंडनला बार ट्रान्सफर टेस्ट (परदेशी वकिलांना तिथे बॅरिस्टर होण्यासाठीची परीक्षा) दिली, आणि तिथून हळूहळू या कामात शिरले. त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

कुठलं कोर्ट तेच माहीत नसणं

ही चूक एलएलएम झालेली मुलंही करतात. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांची केस आपल्याकडे घराघरात माहीत आहे, भारताचे वकील हरीश साळवेंनी १ रुपया फी घेतली हे तर लोकांना पाठच आहे, पण ती केस कुठल्या कोर्टात आणि कुठल्या मुद्द्यावर होती असं विचारलं की समोरचा चहाच्या कपात बघायला लागतो. ती आयसीजेमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात होती. भारत विरुद्ध पाकिस्तान, देश विरुद्ध देश. मुद्दा होता १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, म्हणजे परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क करू दिला का. १७ जुलै २०१९ला निकाल आला, १५ विरुद्ध १, पाकिस्तानने कलम मोडलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. जाधव निर्दोष आहेत असं कोर्ट म्हणालं नाही आणि सोडाही म्हणालं नाही, कारण ते फौजदारी कोर्टच नाहीये.

फौजदारी कोर्ट म्हणजे आयसीसी, इंटरनॅशनल क्रिमिनल कोर्ट. तेही हेगमध्येच, पीस पॅलेसपासून सायकलने दहा-पंधरा मिनिटं, म्हणून गोंधळ अजूनच वाढतो. आयसीसीत माणसावर खटला चालतो, देशावर नाही. १९९८ला रोममध्ये या कोर्टाचा कायदा ठरला, १ जुलै २००२ला लागू झाला, मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला आणि आजही सदस्य नाहीये. त्यामुळे "आयसीसीत भारतातल्या अमुक प्रकरणाची तक्रार टाकूया" असा ड्राफ्ट घेऊन जो येतो त्याला मी त्याच कायद्याचं कलम १२ वाचायला सांगते, गुन्हा सदस्य देशाच्या जमिनीवर घडला का, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक आहे का, किंवा एखाद्या देशाने स्वतःहून या कोर्टाचा अधिकार मान्य केलाय का. यातलं काहीच नसेल तर सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवलं तरच, आणि ती कधी पाठवेल हे तुम्हीच ठरवा.

म्यानमारमधून हाकललेल्या रोहिंग्या मुस्लिमांचं प्रकरण नीट वाचलं तर हे सगळं एकदम डोक्यात बसतं. म्यानमार आयसीसीचा सदस्य नाही, पण बांगलादेश आहे, आणि माणसं हाकलली गेली तो गुन्हा सीमा ओलांडल्यावर बांगलादेशात पूर्ण झाला, या धाग्यावर न्यायाधीशांनी २०१८ला आपला अधिकार मान्य केला. ११ नोव्हेंबर २०१९ला गांबियाने म्यानमारविरुद्ध वंशसंहार कराराखाली आयसीजेत केस टाकली आणि तीनच दिवसांनी आयसीसीने बांगलादेश-म्यानमार तपासाला परवानगी दिली. लोकांचं दुःख एकच, पण दोन कोर्टं, दोन वेगळे प्रश्न, पुराव्याची गरजही वेगळी. हा फरक एका कागदावर लिहून काढता येत नसेल तर अर्ज पाठवू नका, मी खरंच सांगतेय.

भारतापुरतं अजून एक, आपण नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात १९७९ला सामील झालो, पण वैयक्तिक तक्रारीचा जो जोडकरार आहे तो स्वीकारला नाही. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ला सही केली, मंजुरी अजून नाही. म्हणून "युएनच्या कमिटीकडे केस टाकू" हा सल्ला कुणाला फुकटात देऊन त्या घराला आशेला लावू नका. युएनचे स्पेशल रॅपोर्टर (एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) किंवा बेकायदा स्थानबद्धतेवरचा कार्यगट यांच्याकडे लिहिता येतं, त्याला करार मंजूर असावा लागत नाही. पण त्यातून निकालपत्र मिळत नाही, पत्रव्यवहार होतो आणि एखादं मत मिळतं, हेही त्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगा.

साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून यावर जरा जास्त बोलणार.

आपल्याकडे पोलिसांचे जबाब ज्याने वाचलेत त्याला ती भाषा माहितीये. "समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून..." मग साक्षीदार शेतमजूर असो की डॉक्टर, सगळे एकाच आवाजात बोलतात. सात वर्षं तेच वाचून माझा हातही तसाच झाला होता आणि मला ते कळलंही नव्हतं.

युरोपातल्या एका देशात, दुसऱ्या देशात घडलेल्या गुन्ह्यांचा खटला चालू होता. मी पीडितांच्या बाजूच्या टीममध्ये, खालून दुसरी. एका निर्वासिताचा जबाब घ्यायचा होता, गावात त्याची बेकरी होती, भावाला त्याच्यासमोर उचलून नेलं होतं. निर्वासितांच्या वसतिगृहात पाच तास बसलो, मध्ये दुभाषी. तो म्हणाला "ते रोज यायचे, आधी वरची गल्ली, मग आमची". मी टाइप केलं, "सदर हल्ला व्यापक आणि पद्धतशीर होता". मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी हल्ला तसा असावा लागतो, पण कायद्यात 'व्यापक किंवा पद्धतशीर' आहे, मी तेही चुकवून 'आणि' घातलं, पण ते सोडा. कधी घडलं विचारल्यावर तो म्हणाला नवीन गव्हाचं पीठ अजून आलं नव्हतं. मला वाटलं हे काय उत्तर झालं, आणि एका संस्थेच्या अहवालात १४ तारीख वाचली होती ती मी दिली ठोकून. दुभाष्याने वाचून दाखवलं, त्याने मान हलवली, सही केली. थकला होता तो, पाच तासांनंतर तुम्ही त्याला दहीभाताची पाककृती वाचून दाखवली असती तरी त्याने सही केली असती.

दीड वर्षाने कोर्ट. समोरचा वकील आवाज न चढवता विचारतो, "पद्धतशीर म्हणजे काय हो?" आमचा बेकरीवाला इकडेतिकडे बघतो, मी कुठे बसलेय ते शोधतो आणि म्हणतो, "ते त्या बाईंनी लिहिलं, मी म्हणालो होतो ते रोज यायचे." त्यानंतर तारीख. १४ तारखेला त्या गावात जायचा रस्ता दोन्हीकडून बंद होता असा कागद त्यांनी पुढे केला. चाळीस मिनिटं हेच चाललं, आणि ज्याने भाऊ गमावला तो माणूस खोटारडा असल्यासारखा उभा. बाहेर आल्यावर तो माझ्यावर ओरडला नाही, फक्त म्हणाला, "मी पिठाचं सांगितलं होतं ना, गिरणीवाल्याला विचारलं असतं तर त्याने दिवस सांगितला असता." गिरणीवाला जिवंत होता. दुसऱ्या शहरात राहत होता. आम्हाला सहज सापडला असता.

आणि खरी गंमत ही की "ते रोज यायचे, आधी वरची गल्ली, मग आमची" हाच पद्धतशीरपणाचा सगळ्यात भारी पुरावा होता, आणि तो मी माझ्या हाताने पुसून त्यावर पुस्तकातला शब्द लिहिला होता.

तेव्हापासून मी लॅपटॉप बंद ठेवते. वही घेते, डाव्या पानावर त्याचे शब्द, प्रश्न आणि उत्तर दोन्ही, जसेच्या तसे. उजव्या पानावर माझ्या शंका. कायद्याचा एकही शब्द डावीकडे येऊ देत नाही, आणि दोन्ही पानं उद्या समोरच्या वकिलाच्या हातात पडणार असं धरूनच लिहिते. तारीख सांगता येत नसेल तर सण, पाऊस, पीक, बाजाराचा वार, शाळा चालू होती का, हे विचारते. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यानंतर "तुला हे कसं कळलं?" विचारते, डोळ्याने पाहिलं की शेजारणीने सांगितलं. यात वेळ जातो. जाऊ दे. ज्यांना दोन तासांत जबाब उरकायचा असतो त्यांच्याबरोबर मी आता कामच करत नाही.

दुभाष्याचं पण बघा. आपला 'परवा' घ्या, होऊन गेलेला की यायचा? आपले 'काका' घ्या, वडिलांचे भाऊ की रिक्षावाले? अशा शब्दांची एक यादी मी दुभाष्याबरोबर चहा पिताना आधीच करून ठेवते. एका साक्षीदाराला चार 'काका' निघाले म्हणून अर्धी सकाळ गेलेली मी पाहिली आहे.

हे काय फक्त माझ्यासारख्या ज्युनिअरचंच होतं असं समजू नका. आयसीसीचा अगदी पहिला निकाल, लहान मुलांना लढाईत उतरवणारा काँगोचा बंडखोर नेता लुबांगा याचा, १४ मार्च २०१२. तपासाचं काम फिर्यादी पक्षाने साक्षीदार शोधून देणाऱ्या स्थानिक मध्यस्थांवर सोडायला नको होतं असं न्यायाधीशांनी त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या साक्षीदारांवर विसंबून राहता आलं नाही. व्हिडिओ आणि इतर पुरावा होता म्हणून शिक्षा झाली, १४ वर्षं. आणि पढवलेल्या साक्षीदाराचं टोक बघायचं असेल तर काँगोचा नेता बेम्बा याचं आयसीसीतलंच प्रकरण वाचा, साक्षीदारांना पैसे देणं आणि शिकवणं यासाठी २०१६ला आरोपीबरोबर त्याचा मुख्य वकील आणि केस मॅनेजरही दोषी ठरले. केस मॅनेजर, म्हणजे तुम्ही ज्या नोकरीसाठी अर्ज करताय ती.

स्ट्रासबर्गची मुदत

स्ट्रासबर्गमधलं युरोपियन मानवाधिकार कोर्ट युरोपियन युनियनचं नाही, ते कौन्सिल ऑफ युरोपचं, ४६ देश. देशातले सगळे उपाय संपल्यावर अर्ज करायचा आणि १ फेब्रुवारी २०२२पासून मुदत ४ महिने आहे, आधी ६ होती. इंग्लंडमध्ये स्विंडनला राहणारं एक गोंयकार कुटुंब, पोर्तुगीज पासपोर्टवाले, भावाच्या डिपोर्टेशनची केस घेऊन माझ्याकडे आलं तेव्हा निकाल लागून साडेतीन महिने होऊन गेले होते, कारण कुणीतरी जुनं वाचून "सहा महिने आहेत, आरामात करा" सांगितलेलं. वर अर्धवट भरलेला फॉर्म पाठवला तर मुदत थांबत नाही, नुसतं पत्र लिहून ठेवलं तर अजिबातच नाही. दहा रात्री जागून पाठवला तो अर्ज. ज्याने सल्ला दिला त्याला झोप लागली असेल.

मी निकाल हातात आला की त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल गोल करते. चार नाही, तीन.

नावाआधी 'बॅ.'

आपल्याकडे बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले अशी परंपरा, आणि बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेचे, त्यामुळे या पदवीचं वजन मला कळतं. पण आजच्या इंग्लंडमध्ये 'कॉल' झालात, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी मिळाली, म्हणजे लगेच प्रॅक्टिस करता येते असं नाही. १२ महिन्यांची प्युपिलेज, म्हणजे सीनिअर बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, लागते, ती बार कोर्स झाल्यावर ५ वर्षांत सुरू करावी लागते, आणि जागा कमी, अर्ज ढीगभर. प्युपिलेज न करता राहिलात तर तुम्ही अनरजिस्टर्ड बॅरिस्टर, कोर्टात उभं राहता येत नाही. कर्ज काढून कोर्स करायच्या आधी हे घरी सांगा, नंतर नको. भारतात चांगली फौजदारी प्रॅक्टिस असेल तर माझ्या मते ट्रान्सफर टेस्टचा रस्ता बरा, निदान हातात काहीतरी घेऊन जाता.

बाकीच्या भराभर सांगते.

"मी फक्त पीडितांच्या बाजूने लढणार." मग फिर्यादीचं छप्पर कुठे गळतं ते कधीच कळणार नाही, एकदा तरी बचावाच्या टीममध्ये काम करा.

हितसंबंध लपवणं, किंवा "एवढं काय सांगायचं" म्हणून सोडून देणं. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याच्या केसमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टाला, १९९८चा स्वतःचाच निकाल रद्द करावा लागला, कारण एका न्यायाधीशाचा ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेशी असलेला संबंध आधी उघड झाला नव्हता आणि ॲम्नेस्टी त्याच केसमध्ये म्हणणं मांडत होती. तुम्ही कुठल्या संस्थेत तीन आठवडे इंटर्न होतात ते पण लिहा.

फ्रेंच टाळणं. आयसीसीचं काम इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत चालतं, अर्धी फाइल फ्रेंच निघाली की कळेल.

आयसीसीच्या वकिलांच्या यादीत दोन वर्षांच्या अनुभवावर नाव लागेल असं समजणं. किमान १० वर्षं लागतात.

एआयकडून निवाडे काढून न वाचता टाकणं. अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखवल्याबद्दल लंडनच्या हायकोर्टाने जून २०२५ला वकिलांना चांगलंच झापलंय. मी तर पॅरा नंबर उघडून बघितल्याशिवाय स्वतःच्याही जुन्या ड्राफ्टवर विश्वास ठेवत नाही.

सुनावणीच्या दिवशी सेल्फी टाकणं. संरक्षित, म्हणजे ओळख लपवलेले, साक्षीदार असलेल्या केसमध्ये तुमच्या मागे कोण उभं आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

आणि मला मेसेज करणार असाल तर पीस पॅलेसचा फोटो नको, तुम्ही घेतलेल्या एखाद्या उलटतपासणीची दोन पानं पाठवा, साक्षीदाराचं नाव खोडून.