प्रेस शॉपमध्ये कान जपायचे आणि मशीनही ऐकायचं, तर इअरप्लग कसा निवडावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा ठोकून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनच्या, शॉपवर मी २४ वर्षं मेंटेनन्स फिटर आहे. कळव्याहून येतो. कान झाका म्हटलं की आमची माणसं एकच उत्तर देतात : "प्लग घातला की मशीन ऐकू येत नाही." सेफ्टीवाले याला आळस समजतात. मी समजत नाही, कारण माणूस खरं बोलतोय. पंच बोथट व्हायला लागला की ठोक्याचा आवाज जड होतो. फ्लायव्हीलची चावी ढिली झाली की प्रत्येक फेऱ्याला बारीक 'टक्' येतं. क्लचच्या व्हॉल्व्हमधून हवा गळत असेल तर 'फुस्स' थोडं लांबतं. हे सगळं डोळ्याला दिसेपर्यंत डाय (पंचाखालचा साचा) फुटलेली असते. त्यामुळे फिटरला कान झाकायचे तर असतातच, पण उघडेही ठेवायचे असतात, आणि ते जमतं. मी काय वापरतो आणि पोरांना काय देतो, ते लिहितो.

माझ्या उस्तादांनी आयुष्यभर कानात बनियन वेस्टचा बोळा घातला. त्याने काही अडत नाही. कापूस असो की चिंधी, हवा आरपार जाते तिथून आवाजही जातो. निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी मी त्यांना "साठ वॉशर" म्हणालो आणि त्यांनी आठ आणले. आवाज त्यांना ऐकू येत होता, 'स' मात्र येत नव्हता. ठोक्याच्या आवाजाने आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे सूर जातात. स, श, फ यांसारखी बारीक अक्षरं वरच्या सुरांवर चालतात, ती पुसट होतात. बेअरिंगची चिरचिर आणि हवेची गळतीही तिकडचीच. म्हणजे फिटरला जे ऐकायचं असतं तेच आधी जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

निवड करण्याआधी आपल्या जागेवर आवाज किती आहे ते बघा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ डेसिबलच्या वर आहात असं धरा. फोनवरचं अॅप सलग आवाजाचा अंदाज देतं, प्रेसचा ठोका त्याला पकडता येत नाही, माइक तिथेच कोंडतो. कंपनीकडे साउंड मीटर असेल तर ऑपरेटरच्या कानाशी धरून मोजायला सांगा. आपल्या फॅक्टरी नियमांत ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. मी स्वतः ८५ ची रेघ पाळतो.

आता पाकिटावरचा आकडा. स्टोअरवाला सगळ्यात मोठा आकडा बघून माल मागवतो, तिथेच चुकतं. एनआरआर (प्लग किती डेसिबल अडवतो त्याचा आकडा) २९ लिहिलं म्हणून जागेवरच्या ९७ डेसिबलमधून २९ वजा करायचे नाहीत. तो आकडा प्रयोगशाळेत नीट बसवलेल्या प्लगचा असतो. शॉपवरचा अंदाज काढताना त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरण्याची पद्धत आहे : २९ चे ११. म्हणजे ९७ चे ८६. नीट बसवलात तर याहून चांगलं मिळतं, अर्धवट खोचलात तर एवढंही नाही.

दुसऱ्या टोकाची चूक जास्त घातक आहे असं माझं मत आहे. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे असेंब्लीकडे जेमतेम ८८ आवाज होता. नव्या हेल्परला मीच स्टोअरमधला सगळ्यात जाड इअरमफ (अख्खा कान झाकणाऱ्या गादीच्या वाट्या) काढून दिला. पोरगा क्रेटवर वाकला होता, फोर्कलिफ्ट मागे येत होती, ड्रायव्हर हॉर्न दाबत होता आणि पोराला पत्ता नव्हता. गाडी वीतभर अंतरावर थांबली. त्याची चूक नव्हती, मी त्याला बहिरा करून उभा केला होता. युरोपच्या मानकात कानापर्यंत पोचणारा आवाज ७० ते ८५ च्या मध्ये ठेवा असं सांगितलंय, ७५ ते ८० उत्तम. ७० च्या खाली गेलात की जास्तीचं झाकलं. आकडा मोठा नको, पुरेसा हवा.

स्पंजचा, पिळून घालायचा प्लग स्वस्त आहे आणि आवाज भरपूर अडवतो, पण खालच्या सुरांपेक्षा वरचे जास्त खातो. म्हणून सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. ग्राइंडिंगच्या खोलीत, जिथे फक्त सोसायचं असतं, तिथे तोच घाला. मशीन ऐकायचं काम असेल तर सपाट प्लग घ्या. वाद्यं वाजवणारे लोक वापरतात तोच हा : सिलिकॉनच्या तीन छत्र्या आणि मधे बारीक फिल्टर. तो सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतो, नीट बसला तर १५ ते २० डेसिबल. आवाजाचा नॉब कमी केल्यासारखं होतं, सूर बदलत नाही. पहिल्यांदा घातला तेव्हा मी ६३ टनी प्रेसच्या बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरली, आणि घरघर वेगळी, चिरचिर वेगळी ऐकू आली. ९५-९७ च्या जागी हा पुरतो. १०५ च्या जागी पुरत नाही, तिथे याचा हट्ट धरू नका.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक इअरमफ. नेमबाज आणि परदेशातले शिकारी वापरतात तो. बाहेर माइक, आत छोटे स्पीकर. हळू आवाज मोठा करून देतो, बार झाला की क्षणात दाबतो. स्पीकरचा आवाज साधारण ८२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. प्रेसला हा चपखल बसतो, कारण आमचाही ठोकाच असतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत बोलायचं-ऐकायचं असतं. डाय सेटरला मी हाच देतो. महाग आहे, प्रत्येकाला मिळणार नाही. सेल संपला तर नुसता जाड मफ उरतो, म्हणून जास्तीचे सेल खिशात हवेत. आणि मफ कोणताही असो, कानाची पाळी झाकली जाते, त्यामुळे आवाज पुढून आला की मागून हे नीट कळत नाही. फोर्कलिफ्टच्या वाटेवर काम करणाऱ्याला म्हणूनच मफऐवजी प्लग.

मे महिन्यात ठाण्यात पत्र्याखाली मफ घालून ८ तास काढणं कठीण आहे, हेही मान्य करा. घामाने गाद्या कडक होतात, सहा महिन्यांनी बदलाव्या लागतात. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते. कान वाहत असेल किंवा पावसाळ्यात कानात बुरशी झाली असेल तर मात्र प्लग बंद, डॉक्टरला दाखवा आणि तोपर्यंत मफच.

घालायची पद्धत. हात साबणाने धुवा, ऑइलचा हात कानात नको. स्पंजचा प्लग सुरकुती न पडता बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून ठेवा, तो फुगेपर्यंत. घाईत सोडला की बाहेर येतो. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरा : आवाज खूपच कमी झाला तर प्लग बसलेला नाही, पुन्हा घाला. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटेल, त्याला घाबरू नका. त्यामुळे आपण नकळत हळू बोलतो, समोरच्यासाठी मुद्दाम चढ्या आवाजात बोला.

बोलण्यासाठी प्लग काढायचा नाही. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांत एकूण अर्धा तास काढला, तर दिवसाचा हिशेब फक्त १२ डेसिबलवर येतो. म्हणून मला कमी अडवणारा पण काढावा न लागणारा प्लग जास्त पटतो.

ज्याचं ऐकणं आधीच उतरलंय त्याला जाड प्लग देऊ नका. त्याला सपाट किंवा इलेक्ट्रॉनिकच द्या, नाहीतर थोडं ऐकू येतं तेही जातं. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, आणि ती शिफ्ट संपवून धावतपळत नाही, तर आदल्या संध्याकाळपासून आवाजापासून लांब राहून सकाळी.

नवा पोरगा आला की मी पहिल्या दिवशी त्याला प्लग बसवून चालत्या प्रेसजवळ उभा करतो, पाठ माझ्याकडे. दोन मीटरवरून नेहमीच्या शॉपच्या आवाजात त्याचं नाव घेतो. मग फोर्कलिफ्टवाल्याला हॉर्न द्यायला सांगतो. मग एअर लाइनचा कॉक किंचित उघडतो आणि विचारतो, काय बदललं? तिन्हीला वळला तर तोच प्लग त्याच्या नावाने डबीत जातो. एकालाही चुकला तर आधी नीट बसवून पुन्हा बघतो, तरीही चुकला तर दुसरा देतो.