गोळा, खांदा आणि सायकलची ट्यूब

“मॅडम, खांदा भलता दुखस. हात वर जास नही.”

शिंदखेड्याकडचा पोरगा, वय बावीस. खताच्या रिकाम्या पिशवीत गोळा घेऊनच आला होता. ७.२६० किलोचा, पोलीस भरतीत मुलांना असतो तोच. त्याच्या मैदानी परीक्षेत गोळ्याला १५ गुण, आणि लेखीत कच्चा असल्यामुळे त्याची सगळी मदार मैदानावर. मी विचारलं, “रोज कितला फेकस?” त्याने जरा वेळ पंख्याकडे पाहिलं. “मोजेल नही.”

धुळ्यात मी सोळा वर्षं फिजिओथेरपी करते. भरतीची पोरं, टेनिस बॉलचे बॉलर, व्हॉलीबॉलवाल्या मुली, सगळ्यांचं खांद्याचं दुखणं या दोन शब्दांपाशी येऊन थांबतं. म्हणून व्यायाम सांगायच्या आधी मी वही आणायला लावते. शंभर पानी, साधी. त्यात काय लिहायचं ते पुढे सांगते.

आधी घरी करायचं काम कुणासाठी नाही, ते. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर खांद्याचा आकार बदललेला दिसला, हात अचानक उचलताच येईनासा झाला, बोटांना मुंग्या आहेत किंवा पंजातली ताकद गेली, खांदा लाल आणि गरम होऊन ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. त्याच दिवशी. आणि चाळिशीपुढच्या खेळाडूंनो, डावा खांदा दुखतोय, छाती जड झाली आहे, घाम फुटलाय, तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं. तेव्हा ट्यूब शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता खांदा म्हणजे काय ते एकदा डोळ्यांपुढे आणा. भरताचं गोल वांगं चहाच्या बशीवर ठेवलंय असं समजा. वांगं म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं, बशी म्हणजे पाठीवरच्या फऱ्याची उथळ खोबण. बशीला कड फारशी नाही, म्हणून हात एवढा सगळीकडे फिरतो. आणि म्हणूनच वांगं घसरूही शकतं. ते जागेवर धरून ठेवतात चार लहान स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. फेकताना पुढचे मोठे स्नायू हात झोकून देतात, आणि सुटलेल्या हाताला ब्रेक लावायचं काम मुख्यतः मागच्या बाजूच्या लहान स्नायूंवर येतं. पोरं छाती कमावतात, बेंच प्रेस मारतात. ब्रेककडे कुणी बघत नाही.

बशीही हलती आहे, हे लोक विसरतात. रावेर-यावलकडे केळीला मोठा घड लागला की बांबूचा टेकू देतात ना, तसा फरा हाताला टेकू देतो. टेकू ढिला झाला तर घडाचा काय दोष?

तुमचा खांदा कसा आहे ते आरशासमोर बघा. दोन्ही हात बाजूने हळू वर न्या. खाली दुखत नाही, साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात कळ येते आणि पुढे पुन्हा बरं वाटतं, असं असेल तर बहुतेक वेळा कफच्या शिरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं, दुखणं असतं. रात्री त्या कुशीवर झोपलं की जाग येते, हेही त्याचंच लक्षण. मग उघड्या पाठीचा कुणाकडून तरी मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. हात खाली येताना एका बाजूचा फरा पंखासारखा बाहेर उचलत असेल, तर टेकू ढिला आहे.

एमआरआयची घाई नको. फेकणाऱ्या खेळाडूंचे खांदे दुखत नसतानाही तपासले, तर त्यात झीज आणि बारीक चिरा दिसतात. कागदावरचं ‘पार्शल टिअर’, म्हणजे अर्धवट फाटलंय, असं वाचून तीन महिने हात पोटाशी धरून बसलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचं दुखणं त्या बसण्याने वाढलं.

मीही त्यातलीच. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचे. खांदा दुखायला लागला तेव्हा सर म्हणाले, मारत राहा, गरम झाला की सुटेल. सुटला नाही. मग घरच्यांनी एका मालिशवाल्याकडे नेलं. त्याने हात मागे पिळून ‘नस बसवली’. त्यानंतर महिनाभर वेणी घालायला आई लागायची. पुढे पूर्ण आराम केला, दुखणं गेलं, मैदानावर परतले आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. आरामाने दुखणं झोपतं, स्नायू मात्र आणखी कमजोर होतो, हे कळायला मला पदवीचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

तर पहिला आठवडा. फेकणं बंद, हात वापरणं बंद नाही. झोळी नको. जेवण, आंघोळ, गाडी, सगळं चालू ठेवा. दुखऱ्या कुशीवर झोपू नका. दुसऱ्या कुशीवर वळा आणि दुखरा हात समोर उशीवर टेकवा. बर्फाने बरं वाटत असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. शेकानेच बरं वाटत असेल तर शेका, त्यावरून घरात भांडण नको.

याच आठवड्यात भिंतीचं काम सुरू करा. भिंतीच्या बाजूला उभे राहा, दुखरा हात भिंतीकडे. कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांशी टेकवा आणि मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबा. हात हलायचा नाही. निम्म्या ताकदीने ३० सेकंद दाबा, सोडा, मिनिटभर थांबा. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. हा दाब बऱ्याच जणांची कळ तात्पुरती उतरवतो.

मग ट्यूब. बाजारात रंगीत रबरी पट्टे मिळतात, पण सायकलवाल्याकडची टाकाऊ ट्यूब उत्तम. हवा भरायच्या वॉलचा भाग कापून टाका, राहिलेली ट्यूब लांबीत उभी चिरून दोन पट्ट्या करा. न चिरलेली ट्यूब सुरुवातीला फार कडक पडते. ती दुसऱ्या महिन्यासाठी ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर राहिलेली ट्यूब तडकते, म्हणून रोज ओढायच्या आधी ताणून चिरा बघा. तुटून तोंडावर बसली की कळतं.

उजवा खांदा दुखत असेल तर ट्यूब कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला बांधा आणि डावी बाजू खिडकीकडे करून उभे राहा. उजवं कोपर काटकोनात. कोपर आणि बरगड्यांच्या मधे हात पुसायचा नॅपकिन गुंडाळून धरा. हा नॅपकिनच खरा मास्तर आहे: तो पडला तर कोपर अंगापासून सुटलंय. पोटासमोरून मूठ बाहेरच्या बाजूला न्या, क्षणभर थांबा, आणि परत येताना मनात तीन मोजा. हे परत येणं म्हणजेच ब्रेक. पोरं ओढतात जोरात आणि सोडतात धाडकन, म्हणजे कामाचा भाग फुकट. १२-१२ चे तीन सेट, एक दिवसाआड.

टेकूसाठी दोन गोष्टी. ट्यूब समोर बांधून दोन्ही कोपरं मागे ओढा, फरे एकमेकांकडे आणि किंचित खाली. खांदे कानाकडे चढले तर ताण जास्त झालाय. दुसरी, भिंतीवरचे दंड, म्हणजे पुश-अप: हात सरळ झाल्यावर थांबू नका, भिंतीला आणखी दोन बोटं ढकला, म्हणजे पाठ जराशी गोल होते. ती शेवटची दोन बोटंच औषध आहेत. जमलं की टेबलावर, मग जमिनीवर.

किती दुखलेलं चालेल? शून्य ते दहात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी खांदा कालच्यासारखाच हवा. सकाळी वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. वहीत तीनच रकाने: काय केलं आणि किती, करताना दुखलं किती, सकाळचा खांदा कसा.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल विचारतातच. काही आठवडे आराम पडतो, कधीकधी रात्रीच्या झोपेसाठी त्याचा उपयोगही असतो. पण सुई घेऊन चार दिवसांत मैदानावर जाणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून नाक बंद करून घेणं.

फेकीकडे परतायची वेळ कधी? हात पूर्ण वर जातो, ट्यूबचे १५-१५ चे तीन सेट दुखणं तीनच्या आत राहून होतात, आणि दोन्ही खांद्यांच्या ताकदीत फार फरक वाटत नाही, तेव्हा. शिरांचं जुनं दुखणं असेल तर एकूण बारा आठवडे धरून चाला.

क्रिकेटवाल्यांनी १५ मीटरवरून सुरुवात करावी, २०-२५ थ्रो, एक दिवसाआड. आधी अंतर वाढवा, नंतर वेग. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. बॉलरनी ओव्हर मोजाव्यात, आणि नेट झाल्यावर “अजून सहा” म्हणणाऱ्या मित्राकडे पाठ फिरवावी.

गोळावाल्या पोराला मी पहिले तीन आठवडे गोळा दाखवलाच नाही. त्याला पायांचं काम दिलं: बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), कंबर वळवून दोन्ही हातांनी वाळूची दोन किलोची पिशवी फेकणं. फेकीचा निम्म्याच्या आसपास जोर पाय आणि कंबरेतून वर येतो. हा पठ्ठ्या उभ्या जागी नुसत्या दंडाने ढकलत होता, शिवाय कोपर खाली पाडून. मग मुलींचा ४ किलोचा गोळा, आठवड्यातून तीन दिवस, दहा फेकी. सकाळ चांगली गेली तर पुढच्या आठवड्यात पंधरा. त्याला लाज वाटत होती. मित्र हसतात म्हणाला. मी म्हटलं, पहाटे जाऊ नको, दुपारी चारला जा, उन्हात हसायला कुणी येत नाही.

नवव्या आठवड्याचं पान त्याने परवा मोबाइलवर पाठवलं. अक्षर भयंकर. ७.२६०, फेकी ६, दुखलं २. सकाळच्या रकान्यात लिहिलंय, ‘बरा शे’, आणि खाली, पेनाने दोनदा गिरवून: ‘सातवी फेकाची इच्छा व्हती, फेकी नही.’