सीमाभागातल्या मेडिकलमध्ये नव्यानं उभं राहताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणीकडच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा काउंटरमागे उभं राहणाऱ्याला एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. इथला पेशंट एका डॉक्टरचा नसतो. निपाणीचा माणूस हृदयाचं कोल्हापुरात दाखवतो आणि साखरेचं गावातल्या डॉक्टरकडे. अथणी-रायबागकडचे मिरज गाठतात, तर चंदगडकडची माणसं बेळगावात येतात. एका डॉक्टरनं काय लिहिलंय हे दुसऱ्याला ठाऊक नसतं आणि पेशंटही सांगत नाही, कारण दुसरीकडे दाखवलं म्हटलं की डॉक्टर रागावतील ही भीती. या दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटतात त्या फक्त मेडिकलच्या काउंटरवर. तिथं त्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत, तर कुठंच वाचल्या जात नाहीत.

नेहमी सापडणारा घोटाळा साखरेच्या गोळ्यांचा. एका स्ट्रिपवर एक कंपनीचं नाव, दुसरीवर दुसरं, आणि खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच. पेशंट दोन्ही घेतो. दुपारी उसाच्या फडात घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. असा माणूस दुकानात आला, शुद्धीवर असला आणि त्याला गिळता येत असलं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, 15 मिनिटं थांबा, मग पुन्हा बघा. बेशुद्ध असला तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. साखर पिऊन तरतरी आली तरी त्याला घरी पाठवू नका. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर दोन-तीन तासांनी पुन्हा घसरू शकते. दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायला सांगा.

दुसरी जोडी दुखण्याच्या गोळ्यांची. एका चिठ्ठीत डायक्लोफिनॅक, दुसरीत ॲसिक्लोफिनॅक. वर बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर तिन्हीकडून ताण येतो. उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, धोका आणखी वाढतो.

यावरचा उपाय साधा आहे. महिन्याच्या औषधाला येणाऱ्या माणसाला सांगा, "पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन या मामा." पिशवी काउंटरवर रिकामी करा, ब्रँडचं नाव बाजूला ठेवून घटक वाचा आणि कागदावर तीन रकाने करा: घटक, ताकद, कुणी लिहिलं. दहा मिनिटांचं काम. दुहेरी औषध सापडलं तर स्वतःच्या अधिकारात बंद करू नका. चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन करा, ते काय म्हणाले ते चिठ्ठीच्या मागं तारखेसह लिहा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला तोच कागद पेशंटच्या हातात द्या. काही डॉक्टर फोनवर तुटक बोलतात, तिकडे दुर्लक्ष करावं. "सर, ग्लिमेपिराइड दोन ठिकाणी आलंय, एक चालू ठेवू का?" असा एका वाक्यातला प्रश्न विचारला की बहुतेक जण नीट उत्तर देतात.

कागदपत्रं: एकदाच, पण वेळेवर

कोल्हापूर, सांगलीकडे शिकून महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी केली असेल, तर सीमेपलीकडच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नाव लागण्याआधी कर्नाटक राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी हातात हवी. त्याचे कागद नोकरीचं पक्कं व्हायच्या आधीच हलवायला घ्या. दुकानाचं किरकोळ लायसन फॉर्म 20 आणि 21 वर असतं. जागा किमान 10 चौरस मीटर लागते आणि नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध द्यायचं असतं. नुसतं सर्टिफिकेट भिंतीला लावून महिन्याला पैसे घ्यायची सोय कुणी सुचवली तर नाही म्हणा. चुकीचं औषध गेलं की इन्स्पेक्टर भिंतीवरचंच नाव वाचतो.

कोल्हापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी बेळगावात चालते का, असा प्रश्न नवीन मुलं हमखास विचारतात. चालते. राज्य बदललं म्हणून नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी बाद होत नाही. चिठ्ठीवर सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, औषधाचं प्रमाण आणि एकूण संख्या हवी. औषध दिलं की त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारा. डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. शिक्का मारलेला असला की तेच कागद तीन दुकानांत फिरत नाहीत.

खरी अडचण ब्रँडची येते. मिरजेत चालणारा ब्रँड चिकोडीच्या स्टॉकिस्टकडे नसतो. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत अशा औषधांची यादी. तिच्यातल्या औषधाच्या जागी घटक तोच असला तरी दुसरा ब्रँड आपल्या मनानं देता येत नाही, औषध नियमावली 1945 मध्ये हे स्पष्ट आहे. रोज काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सवय चांगली लावून घ्या. फोन करून परवानगी घ्या, बदल चिठ्ठीवर लिहा आणि पेशंटला सांगा की ही त्या गोळीच्या जागी आहे, तिच्याबरोबरची नाही. हे शेवटचं वाक्य राहिलं की पुढच्या आठवड्यात तो जुनी आणि नवी दोन्ही घेत असतो.

शेड्यूल एच 1 म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी. तिचं रजिस्टर 1 मार्च 2014 पासून लागू आहे. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं त्यात येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि रजिस्टर 3 वर्षं जपून ठेवायचं. चूक होते ती संध्याकाळी आठवून भरल्यामुळे. बिलात 10 आणि रजिस्टरात 6 असा फरक पडतो. औषध हातात असतानाच ओळ लिहा, गिऱ्हाईक अर्धा मिनिट थांबतं.

टीबीच्या औषधाबाबत आणखी एक जबाबदारी आहे. 2018 च्या अधिसूचनेनुसार ही औषधं देणाऱ्या दुकानानंही पेशंटची माहिती सरकारला कळवायची असते. गाळप हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यात कुणी अर्धा कोर्स घेतलेला असतो आणि चार दिवसांच्या गोळ्या मागतो. सुट्या गोळ्या देऊन त्याची बोळवण करू नका. सरकारी दवाखान्यात पूर्ण कोर्स फुकट मिळतो आणि निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक, राज्य बदललं तरी तोच राहतो, हे त्याला समजावून सांगा. 1800-11-6666 ही निक्षयची हेल्पलाइन, तिथून जवळचं केंद्र कळतं.

दोन भाषांतली पुडी

चिठ्ठीवरचं 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) दुकानदाराला कळतं, पेशंटला नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, सूर्याखाली एक गोळी, चंद्राखाली एक गोळी. तोंडी सांगताना कन्नड पेशंटला निदान चार शब्द त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजेत. पुस्तकातल्या 'बेळिग्गे'पेक्षा इकडे 'मुंजाने' जास्त चालतं. जेवणाआधी म्हणजे 'ऊटद मोदलु', जेवणानंतर 'ऊटद नंतर'. 'नंतर' आणि 'रात्री' दोन्ही भाषांत एकच, ही आपली सोय. सांगून झालं की त्याच्याकडून परत वदवून घ्या. "कळलं का?" विचारलं तर कुणीही मान डोलावतो.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला विशेष जपा. संधिवात, सोरायसिससाठी ते येतं. रोज घेतलं गेलं तर तोंडाला फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. पाकिटावर "आठवड्यातून एकदा" एवढंच लिहून भागत नाही, वार लिहा. सोमवार, बुधवार, शुक्रवार कन्नडमध्येही तेच आहेत. रविवार टाळा, कन्नडमध्ये त्याला 'भानुवार'ही म्हणतात. फोलिक ॲसिडची गोळी वेगळ्या पाकिटात, वेगळा वार घालून. आणि चार आठवड्यांपेक्षा जास्त औषध एकदम देऊ नका.

इन्सुलिन

नव्या माणसाच्या हातून सगळ्यात महागडी चूक इथं होते. कुपीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुधा 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिटचं, पेनाच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिटचं. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं की पेशंट कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं औषध ओढतो. 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिलिलिटर होतं, म्हणजे 20 ऐवजी 50 युनिट. उलट केलं, 40 ची कुपी आणि नारिंगी सिरिंज, तर 20 च्या जागी 8 च युनिट जातात आणि साखर उतरत का नाही म्हणून डोस वाढवला जातो. सुटी सिरिंज मागणाऱ्याला आधी विचारा, कुपी आहे की पेन. माहीत नसेल तर रिकामी कुपी आणायला सांगा.

हिशेब पण करून द्या. 10 मिलिलिटरच्या कुपीत 400 युनिट. सकाळी 20, रात्री 10 असेल तर 13 दिवसांत संपते, महिन्याला एक कुपी पुरत नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर 28 दिवसांत वापरावं लागतं, म्हणून उघडल्याची तारीख कुपीवर लिहायला सांगा. दुधी दिसणारं 30/70 हे मिश्र इन्सुलिन घेण्याआधी तळहातांत दहा वेळा हलकेच फिरवायचं, खळाखळा हलवायचं नाही.

फ्रिज 2 ते 8 अंश. थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवा, सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद करा. दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून इन्सुलिन ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसतं, पण ते फेकायचंच. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर थंडावा जास्त वेळ टिकतो. खेड्याकडे एसटीनं जाणाऱ्याला बर्फाची पिशवी दिली तर कुपी वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, बर्फाला थेट टेकवू नका. घरी फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीत.

लहान मुलांचं औषध

वय नाही, वजन विचारा. पॅरासिटामॉल किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. 8 किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त 120 मिलिग्रॅम. 120/5 च्या, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे 5 मिलिलिटर होतात, 250/5 चे 2.4 आणि 100 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या थेंबांचे 1.2. घरात जुनी एक बाटली, दुकानातून नवी दुसरी, आणि आई माप मात्र जुनंच वापरते. म्हणून बाटलीवर मार्करनं मिलिलिटर लिहा आणि मापाची सिरिंज द्या. दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर सिरप न देता डॉक्टरकडे पाठवा.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात घालायची सवय सगळीकडे आहे. त्यानं मिठाचं प्रमाण वाढून बाळाला त्रास होतो. कालवलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं. सोबत झिंक 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई झिंकही थांबवते, तसं करू नका हे आधीच सांगून ठेवा.

अंगदुखीची पुडी

बिडीकाम करणाऱ्या बायका आणि ऊसतोडीचे गडी "कंबरदुखीचा सेट द्या" म्हणतात. काही दुकानांत दुखण्याची गोळी, डेक्सामेथासोन आणि ॲसिडिटीची गोळी स्ट्रिपमधून कापून कागदात बांधून मिळते. आराम पडतोच, म्हणून मागणी टिकते. काही महिन्यांनी तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. ज्यानं ही पुडी बरेच दिवस घेतलीय त्याला "आजपासून बंद" म्हणू नका. स्टेरॉइड एकदम तोडलं तर अशक्तपणा, उलट्या, बीपी घसरणं असं होऊ शकतं. पुडीत काय होतं ते कागदावर लिहून त्याला डॉक्टरकडे पाठवा, डोस हळूहळू उतरवायचं काम त्यांचं. तुम्ही नकार दिलात तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे खरं आहे. नोकरी धरतानाच मालकांना विचारा, "पुडी बांधायला लागेल का?" उत्तर हो असेल तर दुसरं दुकान बघितलेलं बरं.

स्ट्रिप कापून द्यायची वेळ येतेच. बॅच आणि एक्सपायरी छापलेल्या टोकाच्या उलट बाजूनं कापा, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख राहते, आणि दिलेल्या तुकड्याची तारीख पाकिटावर लिहा. 06/2026 म्हणजे 30 जूनपर्यंत चालतं. खानापूरकडच्या पावसाळ्यात ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या ओल धरून पिवळट पडतात, एक्सपायरी लांब असली तरी त्या विकू नका. जून लागायच्या आधीच त्यांचा साठा कमी ठेवा आणि खोकी भिंतीपासून वीतभर पुढं ओढून घ्या.