रानात मीठ फुटलंय? मातीचा नमुना असा घ्या

ऊस पिवळा पडला की आपल्याकडे पहिली धाव खताच्या दुकानात. तिथून जिप्समची चार पोती आणि वर एखादी बाटली घेऊन माणूस घरी येतो. माती तपासायचं कुणी मनावर घेतलंच, तर नमुना असा घेतो की प्रयोगशाळेनेही काय सांगावं!

उजनी धरणाचं पाणी आलं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानांत ऊस वाढला. ही माती पाणी धरून बसते, निचरा करत नाही. मोकाट पाणी देत राहिलं की भूजल वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. असं रान खारवट होतं. बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर रान चोपण होतं: ओलं असताना चिखल, वाळलं की दगड, आणि पाऊस पडून गेला तरी गढूळ पाणी दिवसेंदिवस उभं. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी तपासणी.

नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या. पावसानंतर वरचं मीठ खाली गेलेलं असतं. टिकाव, घमेलं आणि कापडी पिशवी पुरे. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका.

आता जागा. सगळे फसतात ते इथेच, मीही फसलो. पुस्तकात सांगतात तसा नागमोडी चालत दोन एकरांत आठ खड्डे घेतले आणि सगळी माती एकत्र केली. त्यातले दोन खड्डे पांढऱ्या पट्ट्यातले, सहा चांगल्या रानातले. अहवाल आला ‘सर्वसाधारण’. चांगली माती मिसळून रोग मीच पातळ केला होता. पुढची दोन वर्षं खत वाढवत बसलो, आणि पट्टा विहिरीपासून बांधाला जाऊन भिडला.

तेव्हा खराब पट्ट्याचा नमुना वेगळा, चांगल्या रानाचा वेगळा. दोन्ही पाठवा, म्हणजे फरक कळतो. सरी-वरंब्याचं रान असेल तर वरंब्याच्या माथ्याकडे वाकून बघा: पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी कड दिसेल. सरीतलं पाणी वर ओढलं जाऊन तिथेच सुकतं. फक्त माथ्याची माती घेतली तर आकडा फुगतो, फक्त सरीतली घेतली तर दबतो. दोन्हींकडची सारखी घ्या. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडा.

नेहमीच्या तपासणीला वरची वीतभर माती चालते, क्षारांना नाही. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटर असे तीन थर वेगवेगळे भरा. तिसऱ्या थराला घाम फुटतो, पण पाणी कुठे तुंबलंय ते तोच सांगतो.

सावलीत वाळवा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो ठेवा, चिठ्ठी घाला. बोअर पंधरा मिनिटं चालवून बाटलीभर पाणीही द्या.

प्रयोगशाळेत ‘विनिमययोग्य सोडियम’ (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) आणि चुनखडी तोंडाने मागा. मृदा आरोग्य पत्रिकेच्या (सरकारी माती तपासणी कार्डाच्या) १२ घटकांत ही दोन्ही नसतात. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि हे सोडियम १५ टक्क्यांच्या वर, तर रान चोपण. क्षारतेची ४ (डेसिसिमेन्स प्रति मीटर) ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची आहे, अहवालात १:२.५ (एक भाग माती, अडीच भाग पाणी) लिहिलं असेल तर आकडा मुळातच कमी येतो, तो बघून खूश होऊ नका.

रान नुसतं खारवट निघालं तर जिप्समवर पैसे घालू नका. चर काढा आणि गोड्या पाण्याने क्षार धुवून काढा. चोपण निघालं तर जिप्सम, आणि चुनखडी भरपूर असेल तर गंधक. पण चर तिथेही आधी. सुटलेलं सोडियम वाहून जायला वाटच नसेल तर पोती मातीत गेली समजा. आणि चराचं तोंड ओढ्याला काढा, शेजाऱ्याच्या रानात नको.